पथ्य लिहिण्यापूर्वी डोंगरातले ताट पाहावे

आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात पथ्यापथ्याचा एक छापील कागद असतो. ज्वारीची भाकरी, मुगाचे कढण, जुना तांदूळ, दुधी, पडवळ, गोड ताक ही नावे त्यावर ठरलेली असतात. रुग्ण कोणत्याही गावचा असो, औषधाच्या पुड्यांबरोबर हा कागद त्याच्या हाती जातो आणि आपले कर्तव्य पार पडले असे आपण समजतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले. त्या कागदाविषयी मनात पहिली शंका कशी आली, हे प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी वैशाखात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून साठीचे एक गृहस्थ ग्रहणीची तक्रार घेऊन आले होते. त्यांना औषध दिले व नेहमीचा कागद दिला. ते पुन्हा आले ते ज्येष्ठ संपता संपता. प्रकृती बरीच सुधारलेली होती. समाधानाने विचारले, “पथ्य नीट पाळले ना?” गृहस्थ संकोचले. म्हणाले, “वैद्यबुवा, खोटं कशाला बोलू? ज्वारी न् मूग आमच्या डोंगराला व्हत न्हाई. राजूरच्या बाजारातून दोन हप्ते इकत आणलं. मंग पैका सरला. आपली वरई खाल्ली, ताक पेलो, अन् फुलं आली तशी कुड्याच्या फुलांची भाजी खाल्ली.”

एका रुग्णावरून सिद्धांत काढू नये, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. औषध चालू होते, त्याचाही वाटा असणारच. तथापि आपण ज्याला कुटजारिष्ट देत होतो, तो घरी कुटजाचीच फुले खात होता आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, ही गोष्ट मनाला लागून राहिली. त्याच्या ताटात काय असते हे न विचारताच आपण त्याचे ताट बदलायला निघालो होतो, आणि त्यासाठी त्या गरीब माणसाला पदरचे पैसे मोडावे लागले होते.

त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात दोन-तीन दिवस काढून डोंगरातली गावे पाहण्याचा परिपाठ ठेवला आहे. अकोले तालुक्यातील कुमशेत, पाचनई, आंबित, फोफसंडी; जुन्नरकडील हातवीज; आंबेगाव तालुक्यातील आहुपे ही गावे सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा कुशीत वसलेली आहेत. गिर्यारोहकांना त्यांची नावे ठाऊक असतात. आपल्या व्यवसायातील मंडळींना सहसा नसतात. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी व ठाकर समाजाची. अकोल्याच्या पश्चिमेकडील या मुलखाला डांगाण म्हणतात. मुसळधार पावसात टिकणारी डांगी गुरे याच मुलखातली.

एका ताटातील द्रव्ये

या गावांमधील स्वयंपाकघरात काय शिजते ते वैद्याच्या नजरेने पाहावे. मुख्य धान्ये तीन : भात, नाचणी (जिला तिकडे नागली म्हणतात) आणि वरई. भाताचे खाचर ओढ्याकाठी असते. नाचणी आणि वरई मात्र उताराच्या वरकस जमिनीवर पिकतात. जुनी रीत अशी की, पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी घ्यावी आणि पुढे काही वर्षे जमीन पडीक ठेवावी. खुरासणीचे तेल स्वयंपाकाला आणि तिची चटणी भाकरीबरोबर. भाताच्या काळभात, जिरवेल, कोळपी, रायभोग अशा जाती. पैकी काळभात सुवासिक असून त्याची साळ काळसर असते. हुलगे आणि घेवड्या-वालाचे नाना प्रकार हे कडधान्य. शहरात वरई म्हणजे भगर, ती एकादशीला आठवते. या डोंगरात ती रोजच्या जेवणातला भात आहे. ज्याला आपण उपवास म्हणतो, तो त्यांचा आहार आहे!

भाज्यांची यादी तर द्रव्यगुणाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका वाटावी. मृगाच्या सरी पडल्या की टाकळा उगवतो. तो आपला चक्रमर्द. कुड्याची फुले व कोवळ्या शेंगा म्हणजे कुटज. भारंगीची पाने उकडून, कडू पाणी काढून टाकून भाजी करतात. श्वास-कासात आपण तिचेच मूळ वापरतो. चाईचा मोहोर, कुरडू, फोडशी, भोकराची फुले या आणखी काही.

या सर्वांत कडूकंदाची पाककृती प्रत्येक वैद्याने एकदा प्रत्यक्ष पाहावी. महाराष्ट्रात वाराहीकंद म्हणून जी द्रव्ये व्यवहारात आहेत, त्यांपैकी हा एक. कच्चा खाल्ला तर घसा धरतो, उलट्या होतात. घरातील वृद्ध स्त्री त्याचे पातळ काप करते, राख घातलेल्या पाण्यात ते उकळते, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवते आणि सकाळी चव घेऊन पाहते. कडूपणा राहिला असेल तर पुन्हा ओढा. एका आजींना विचारले, “किती वेळ ठेवायचं, आजी?” त्या म्हणाल्या, “कडू जाईस्तोवर. घड्याळ कशाला पाह्यजे?” चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराची जी आठ आयतने सांगितली, त्यांतील ‘करण’ म्हणजे संस्कार. जल, अग्नी, काल आणि क्षार या साधनांनी द्रव्याचा गुण कसा पालटतो याचा इतका स्वच्छ पाठ महाविद्यालयात क्वचितच मिळतो.

ग्रंथ काय सांगतात

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. डोंगरातले म्हणून सर्व पथ्यकर, असे समीकरण मांडणे अशास्त्रीय होय. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात कोरदूष, श्यामाक आदी धान्यांचा ‘कुधान्यवर्ग’ सांगितला आहे. तो उष्ण, रुक्ष, कफघ्न आणि वातपित्ताचा प्रकोप करणारा म्हटला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात मात्र कोरदूष व श्यामाक लघु, वातल, कफपित्तघ्न, संग्राही आणि शीत म्हटले आहेत. म्हणजे वीर्याविषयी आणि पित्तावरील परिणामाविषयी आचार्यांतच मतभेद दिसतो. शिवाय श्यामाक म्हणजे सावा आणि कोद्रव म्हणजे हरीक असे सामान्यतः मानले, तरी आपली वरई ग्रंथोक्त कोणत्या धान्याशी नेमकी जुळवावी, हा वादाचा विषय आहे. नाचणीची कथाही वेगळी नाही. तेव्हा दोन श्लोक आठवून निकाल देता येणार नाही; प्रत्यक्ष पाहावे लागेल.

दोन्ही आचार्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे : ही धान्ये रुक्ष आहेत व वात वाढवितात. मग पिढ्यान् पिढ्या तीच खाऊन डोंगरातला माणूस दिवसभर चढउतार कसा करतो? याचे उत्तर चरकाचार्यांनीच सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात देऊन ठेवले आहे. देशाच्या व व्याधीच्या गुणांहून विपरीत गुणांचा आहार-विहार सात्म्य होतो, असा त्यांचा आशय आहे. घाटघर-रतनवाडीच्या परिसरात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. चार महिने घरात ओल, अंगावर घोंगडी, चुलीवर वाळत घातलेले कपडे. तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवर संगमनेरकडे यावे, तर वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एका प्रवरेच्या खोऱ्यात आनूप आणि जांगल असे दोन्ही देश नांदतात. ओल्या, क्लेदबहुल देशात लघु, रुक्ष, संग्राही धान्य हे सात्म्य ठरते. त्याला जोड मिळते ती खुरासणीच्या तेलाची, ताकाची आणि उन्हातान्हातील श्रमाची. स्नेह व व्यायाम यांवाचून केवळ धान्य उचलून शहरात आणले, तर ते तेच अन्न राहत नाही.

म्हणूनच वातानुकूलित कार्यालयात दहा तास बसणाऱ्या, कोष्ठ रुक्ष असलेल्या रुग्णाला सरसकट भगर व नाचणी सांगणे उचित नव्हे. प्रमेही, स्थूल, कफप्रधान रुग्णाला ती अवश्य सांगावीत. प्रमेहचिकित्सेत यवाबरोबर तृणधान्यांना आचार्यांनी स्थान दिलेच आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, हे आधुनिक पोषणशास्त्रही सांगते. परंतु ‘कोणाला, कोठे, केव्हा, कशाबरोबर’ हे चार प्रश्न सोडून दिले, तर वैद्य आणि जाहिरातदार यांत अंतर ते काय उरले?

ताट का बदलते आहे

आजची स्थिती अशी की, हे ताट त्या गावांतूनच नाहीसे होत चालले आहे. स्वस्त धान्य दुकानातून गहू आणि तांदूळ येतो. वरई कांडणे हे अतिशय कष्टाचे काम. उखळ-मुसळाचा तो भार सर्वस्वी स्त्रियांच्या खांद्यावर होता. तो त्यांनी टाकला याबद्दल त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. आज बरीचशी वरई सालीसकट व्यापाऱ्याकडे जाते, नाशिककडच्या भगर गिरण्यांतून पांढरीशुभ्र होऊन बाहेर पडते आणि उपवासाच्या पिशव्यांतून शहरात विकली जाते. पिकविणाऱ्याच्या घरी त्या दिवशी दुकानातला तांदूळ शिजतो. रानभाज्यांची ओळख असलेली पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे. नातवंडे आश्रमशाळेत शिकतात व सुटीत घरी येतात, तेव्हा टाकळा ओळखू येत नाही.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी हा प्रवाह उलटा फिरविण्याचा प्रयत्न केला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी देशी वाणांची बियाणे जमविली, जपली व वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणून ओळखू लागला. पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्याचे फलित म्हणून बाजारात नाचणीची बिस्किटे पुष्कळ आली. नाचणी पिकविणाऱ्याच्या घरी भाकरी परत आली का, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

औषधनिर्मात्यांना दोन शब्द

इथवरचे विवेचन वैद्यांना उद्देशून झाले. आता औषधी कारखाने व भांडारे चालविणाऱ्या आपल्या बांधवांशी स्पष्ट बोलणे भाग आहे. ते कटू वाटले तरी हेतू निर्मळ आहे.

ज्या कुड्याची फुले डोंगरातले कुटुंब ज्येष्ठात खाते, त्याच कुड्याची साल आपल्याला कुटजघनवटीसाठी हवी असते. खोडाची साल सर्व बाजूंनी सोलली की झाड वाळते. साल एकदाच मिळते, भाजी कायमची जाते. वास्तविक कुडा हा तोडल्यावर पुन्हा फुटणारा वृक्ष आहे. बुंधा राखून फांद्या घेतल्या आणि त्यांची साल काढली, तर झाडही राहते आणि आपला पुरवठाही. परंतु खरेदीदार जर केवळ वजन आणि दर पाहणार असेल, तर तोडणारा इतका विचार कशासाठी करील? शिवाय अशा घाईच्या मालात पांढऱ्या कुड्याबरोबर काळ्या कुड्याची सालही मिसळून येते, हे आपण सर्व जाणतोच.

हिरड्याचीही हीच गत. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा हे अनेक कुटुंबांचे वर्षातील मुख्य रोख उत्पन्न आहे. उन्हाळ्यात कोवळी फळे उतरवून, अंगणात वाळवून ती विकली जातात आणि त्या पैशांतून पावसाळ्याचे मीठ-मिरची, मुलांची पुस्तके येतात. भाव खरेदीच्या दिवशी व्यापारी ठरवितो. ज्या हरीतकीच्या ऋतुपरत्वे सेवनाचे आपण गोडवे गातो, वर्षा ऋतूत सैंधवाबरोबर आणि शरदात शर्करेबरोबर ती घ्यायला सांगतो, ती कोणाच्या अंगणात वाळली हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बाळहिरड्यालाच भाव असल्याने सारी फळे कोवळीच उतरली, तर पक्व हिरडा उरणार नाही आणि बीही पडणार नाही. त्रिफळ्याचा आधारच त्यामुळे डळमळेल.

कायद्याची बाजू पाहू जाता, १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील ग्रामसभेचे व वनहक्कधारकांचे अधिकार मान्य केले आहेत. म्हणजे ग्रामसभेशी वा तेथील बचत गटांशी रीतसर करार करून खरेदी करण्यास मार्ग मोकळा आहे. दुसरीकडे, २००२ च्या जैवविविधता कायद्यात २०२३ साली जी दुरुस्ती झाली, तीत आयुष वैद्यांना व संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपाच्या बंधनातून सूट मिळाली. आपल्यापैकी अनेकांनी तिचे स्वागत केले. प्रस्तुत लेखकाचे मत थोडे निराळे आहे. कायद्याने देणे माफ केले म्हणून ऋण फिटत नाही. औषधी नाम-रूपाने ओळखतात ते रानात शेळ्या-मेंढ्या व गुरे राखणारे आणि इतर वनवासी, असे चरकाचार्यांनी ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात नमूद केले आहे. त्यांचे नाव त्यांनी घेतले. आपण त्यांना किमान योग्य भाव द्यावा.

काय करता येईल

केवळ खंत व्यक्त करून लेख संपविणे योग्य होणार नाही. आपल्या आवाक्यातील चार गोष्टी सुचवितो.

पहिली : संघटनेच्या प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा, शक्यतो आषाढ-श्रावणात, आपल्या नजीकच्या डोंगरी गावात दोन दिवस मुक्काम करावा. हे शिबिर औषध वाटण्यासाठी नसावे. पाहण्यासाठी व विचारण्यासाठी असावे. गावकऱ्यांच्या घरी जेवावे, जेवणाचे पैसे मानाने द्यावेत आणि मुकाट्याने ऐकावे. गावाचे पर्यटनस्थळ होऊ नये याची काळजी घ्यावी.

दुसरी : प्रत्येक शाखेने आपल्या भागाचा पथ्यकोश तयार करावा. स्थानिक नाव, ऋतू, शिजविण्याची रीत, कशाबरोबर खातात, कोणाला चालत नाही असे पाच रकाने पुरेत. शेवटचा रकाना विसरू नये. डोंगरातल्या बायकांना तो तोंडपाठ असतो. ज्यांनी माहिती दिली त्यांची संमती घ्यावी आणि कोशाची एक प्रत त्या गावाच्या शाळेत ठेवावी, म्हणजे आजीचे ज्ञान नातवापर्यंत पोहोचेल.

तिसरी : दवाखान्यातील छापील कागद बाजूला ठेवावा. रुग्णाला आधी विचारावे, “घरी काय पिकतं? काय शिजतं?” आणि जे त्याच्या घरी आहे त्यातूनच पथ्य निवडून द्यावे. याला पाच मिनिटे अधिक लागतात, परंतु पथ्य पाळले जाते.

चौथी : औषधनिर्मात्यांनी निदान दोन द्रव्ये, हिरडा व कुडा, थेट गावातून, ठरलेल्या भावाने व झाड राखण्याच्या अटीवर घेण्यास आरंभ करावा. माल चार पैसे महाग पडेल. पण अस्सल मिळेल आणि दहा वर्षांनीही मिळेल.

त्या गृहस्थांची आठवण अद्याप जाते-येते. गेल्या श्रावणात त्यांच्या वाडीवर गेलो होतो. त्यांच्या पत्नीने वरईचा भात, भारंगीची भाजी आणि ताक वाढले. जेवताना त्या सहज म्हणाल्या, “वैद्यबुवा, आता वरई पेरीत न्हाई फारशी. कांडायला हात न्हाई राह्यले. ही तुमच्यासाठी शेजारणीकडून आणली.”

ज्या अन्नाचे गुण आपण ग्रंथात वाचतो, ते आता शेजारणीकडून उसने आणावे लागते, ही वस्तुस्थिती आहे. उद्या शेजारणीकडेही नसेल. तेव्हा आपल्या पथ्याच्या कागदावरील नावांना अर्थ उरणार नाही. तत्पूर्वी आपण जागे व्हावे, इतकीच विनंती. इत्यलम्.